लोकलला दुसरा मजला का नाही?

लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी येतोच. बेस्टची बस दुमजली होऊ शकते, मग लोकल का नाही? गाड्या वाढवायला रूळ नाहीत, रूळ वाढवायला जमीन नाही. तर डोक्यावर एक मजला चढवा की! मलाही हे कितीतरी वर्षे अगदी सरळ वाटत असे.

याचे कारण म्हणजे दुमजली गाडीत मी लहानपणीच बसलो होतो. 1979 साली मुंबई-सुरत ‘फ्लाइंग राणी’ला दुमजली डबे लागले आणि ते 2023 पर्यंत धावले. सुरतेला मामूंकडे जाताना आम्ही भावंडे वरच्या मजल्यासाठी भांडायचो. आठवतो मात्र खालचा मजला. तिथली खिडकी जवळजवळ फलाटाच्या पातळीला येते. बाहेर माणसांचे चेहरे नाहीत. नुसत्या चपला, बूट आणि पिशव्यांची बुडे. दार डब्याच्या टोकाला. आत शिरायचे, मग काही पायऱ्या वर किंवा काही पायऱ्या खाली.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या पायऱ्यांवरच उभे आहे.

लंडनच्या उपनगरांनी हा प्रयोग 1949 मध्ये करून पाहिला. ऑलिव्हर बुलीड या अभियंत्याने डार्टफर्डच्या मार्गासाठी विजेवर चालणाऱ्या, चार-चार डब्यांच्या दोन दुमजली गाड्या बांधल्या. तिथले पूल आणि बोगदे बुटके. म्हणून दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे वरचे आणि खालचे कप्पे बसवले. वरच्या कप्प्यांच्या खिडक्या उघडत नसत. शिवाय वरचे आणि खालचे प्रवासी एकाच दाराने उतरत. परिणामी गाडी स्थानकात रेंगाळू लागली. तशा आणखी गाड्या काही बांधल्या गेल्या नाहीत; फलाट लांबवून दहा डब्यांच्या साध्या गाड्या आणल्या गेल्या. 1971 मध्ये त्या दोन गाड्याही निवृत्त झाल्या.

रेंगाळण्याचा हिशेब साधा आहे. समजा, दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला 20 गाड्या. दुसरा मजला चढवल्याने प्रत्येक गाडीत एक तृतीयांश माणसे जास्त मावली, पण चढण्या-उतरण्यात वेळ गेल्याने दोन गाड्यांतले अंतर चार मिनिटांवर गेले. आता तासाला गाड्या 15. गुणाकार करून पाहा, माणसे तेवढीच! मजला वाढला, खर्च वाढला, गर्दी फलाटावर तशीच.

मग ही कल्पनाच खोटी का? तसेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत 1964 पासून दुमजली उपनगरी डबे धावत आहेत. तिथल्या आठ डब्यांच्या ‘वाराताह’ गाडीत जवळपास 900 जण चक्क बसून जातात. लांबून येणाऱ्याला हे मोठेच सुख. पण डब्याच्या एका बाजूला दारे दोनच. त्याच सिडनीने 2019 मध्ये मेट्रो सुरू केली, तेव्हा ती एकमजली आणि बाजूला तीन दारांची केली. एपिंग-चॅट्सवुड हा आधी दुमजली गाड्या धावत असलेला मार्गही तिच्यात घेतला. पॅरिसने वेगळी वाट धरली. तिथल्या गर्दीच्या ‘आरईआर ए’ मार्गावर 1997 पासून दुमजली गाड्या आल्या. पण डब्याच्या प्रत्येक बाजूला तीन रुंद दारे ठेवून. दारांना जागा दिली म्हणून मजल्याला अर्थ आला.

आता मुंबईकडे वळू. आपली लोकल मुळात उभ्याने जाणाऱ्यांची गाडी आहे. डबा 3.66 मीटर रुंद. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी असतात, असे रेल्वेच्याच हिशेबात धरलेले आहे. जिना घातला की नेमकी ही उभे राहायची जागा जाते. वर छत ठेंगणे, त्यामुळे तिथेही दाटीने उभे राहणे कठीण. उंचीची अडचण तर आपण अनुभवलीच आहे. पहिली वातानुकूलित लोकल मध्य रेल्वेवर धावायची होती. जुन्या बुटक्या पुलांपायी ती पश्चिम रेल्वेकडे गेली आणि 25 डिसेंबर 2017 रोजी तिथे सुरू झाली. एकमजली गाडीची ही गत, तर दुमजलीचे काय!

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे प्राण गेले. ते दारात का होते? आत जागा नव्हती म्हणून. आणि आत शिरले तर आपल्या स्थानकावर उतरता येईल याची खात्री नसते, म्हणूनही कित्येक जण दारात राहतात. दुसरा मजला पहिले दुखणे थोडे हलके करील. दुसरे मात्र वाढवील. बाराच्या जागी पंधरा डबे, दोन गाड्यांतले अंतर कमी करणारी सिग्नलयंत्रणा, रुंद आणि बंद होणारी दारे हे उपाय दिसायला साधे आहेत, पण ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार करतात.

जुन्या दुमजली बसमध्ये दोन कंडक्टर असत. खालचा ओरडायचा, “वर जागा आहे, वर चला!” आणि वरचा, “पुढच्या स्टॉपवाले, आधीच खाली उतरा!” एका बसला हे पुरत असे. सकाळच्या लोकलमध्ये एवढ्या माणसांना पायऱ्या उतरवायला किती कंडक्टर लागतील?