बेअरिंग गाडीचं नसतं

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाताना माझ्या येझदीच्या पुढच्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली. गाडी वडिलांची. ती बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्याच नावाने आज निघणाऱ्या गाड्या वेगळ्या, त्यांचे भाग हिला उपयोगाचे नाहीत.

खास चिखलवाटांसाठी बांधलेली मोटारसायकल त्या काळी आपल्याकडे सहज मिळत नसे. हौशी मंडळी येझदी, राजदूत आणि १९८५ नंतर यामाहाची आरएक्स १०० घेत, मडगार्ड वर उचलत, गाठीदार टायर चढवत आणि झाली ‘डर्ट बाइक’! अशा गाडीला आधी चाकच दगा देतं. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुपतं, मागे राहतो तो गंज.

मी पालघरची जुन्या सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी ‘अगदी ओरिजिनल’ म्हणून मिळालेलं बेअरिंग तीन महिन्यांत खुळखुळू लागलं. तेव्हा कळलं की मी गाडीच्या नावाने शोधत होतो, आणि बेअरिंग गाडीचं नसतंच. ते आकड्याचं असतं.

जुन्या बेअरिंगची कड रॉकेलने पुसली की आकडा दिसतो. समजा ६२०३. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणायचं. आधीचे ६२ हे जातकूळ सांगतात. म्हणून ६२०३ बाहेरून ४० मिलिमीटर आणि रुंदीला १२. ६३०३ चं भोक तेच, पण बाहेरून ४७ आणि रुंदी १४. आकडा गंजाने खाल्ला असेल तर व्हर्नियरने ही तीन मापं घ्यावीत, आकडा आपोआप मिळतो.

ही मापं जगभर सारखी आहेत. तारापूर एमआयडीसीतल्या पंपांत, मोटारींत हीच बेअरिंगं फिरतात. (एसकेएफचं मूळही कापडगिरणीतच आहे. गोथेनबर्गच्या गिरणीतला इंजिनिअर स्वेन विंगक्विस्ट वारंवार जाणाऱ्या बेअरिंगांना वैतागला होता. १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली.) तेव्हा बोईसरला कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात जावं. येझदी म्हटलं तर दुकानदार मान हलवतो, आकडा सांगितला तर डबा काढतो. चिखलासाठी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे टू-आरएस मागावं.

हब, रिम आणि स्पोक यांना मात्र असं सार्वत्रिक माप नाही. रिमची भोकं हबच्या रोखाने तिरकी पाडलेली असतात. भोकांची संख्या जुळली तरी दुसऱ्या गाडीची रिम बसेलच असं नाही. माझ्या हबमध्ये बेअरिंगची बैठकच झिजली होती. तिथे पंचाने ठोके मारून बेअरिंग घट्ट करायची युक्ती सगळे सांगतात. ती टिकत नाही. बैठक लेथवर मोठी करून बुश बसवणं हाच खरा इलाज.

बोईसरच्या एका जुन्या टर्नरने ते काम केलं. बेअरिंग बसवायच्या आधी त्याने विचारलं, “दोन बेअरिंगांच्या मधली नळी कुठाय?”

ती मी पहिल्या खेपेला भंगार समजून टाकली होती. नळी नसली की अॅक्सलचा नट आवळताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्यांवर आडवा दाब येतो आणि नवं कोरं बेअरिंगही लवकर मरतं. त्याने नवी नळी कापली, दोन बैठकांमधल्या अंतरापेक्षा कागदाच्या जाडीइतकी लांब.

पालघरच्या त्या दुकानदाराला मी वर्षभर नकली माल विकणारा म्हणत होतो, चारचौघांतसुद्धा. त्याच्याकडे अजून गेलेलो नाही.