सिकलसेलचे लेकरू कॉलेजात शिकते, त्याचे हक्क कोणते?

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मूल सारखे आजारी, सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, मेडिकलच्या आणि मेयोच्या चकरा संपत नाहीत, असे एखादे घर प्रत्येकाच्या ओळखीत असते. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. हा आजार आदिवासी बांधवांत जसा आहे तसा आपल्या समाजातही आहे, हे तेव्हापासूनच्या तपासण्यांनी दाखवून दिले. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली.

रक्ततपासणी आणि औषधपाणी यांविषयी आता बोलले जाते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ही मुले मोठी होतात, बारावी पास होतात, कॉलेजात आणि विद्यापीठात जातात. तिथे त्यांचे काय होते, याची विचारपूस कोणी करत नाही. म्हणून आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

न दिसणारे अपंगत्व

कुबडी घेऊन येणारा विद्यार्थी दिसतो. पांढरी काठी दिसते. सिकलसेलचा विद्यार्थी मात्र चार दिवस सर्वांसारखा हसतो-खेळतो आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात सलाईनवर असतो. शिक्षकांना वाटते, पोरगा दांड्या मारतो. मैत्रिणींना वाटते, पोरगी नखरे करते. खरे कारण रक्तात असते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, अंगात पाणी कमी पडणे, अतिश्रम, ताप या गोष्टींनी तो झटका येतो. या आजारात मूत्रपिंडावरही परिणाम होतो, त्यामुळे वारंवार लघवीला जावे लागते. तीन तासांच्या पेपरात पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावणे आणि मध्येच उठू न देणे, हा इतरांना साधा नियम वाटतो. या मुलांसाठी तो दुखण्याला आमंत्रण ठरतो.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात सिकलसेलला जागा नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्याबरोबर सिकलसेलही आहे. आपल्या अनेक घरांना हे आजही ठाऊक नाही. 'माझे पोर काही अपंग नाही' असे आई सांगते आणि हक्काचा कागद निघायचा राहून जातो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. हा हक्क सिकलसेलच्या रुग्णाचा आहे, वाहकाचा नाही. ज्याच्या रक्तात एकच दोष आहे तो वाहक. त्याला बहुधा काही त्रास नसतो आणि दाखलाही मिळत नाही.

या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. प्रवेशाच्या वयातही पाच वर्षांची सूट आहे. १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व संस्थांना या राखीव जागा भरण्याचे बजावले. हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे अनुसूचित जातीचा दाखला आहे म्हणून दिव्यांगांची सवलत जात नाही, आणि ही घेतली म्हणून ती जात नाही. दोन्ही दाखले फायलीत ठेवा.

आणि ४० टक्के भरले नाहीत तर? तरीही दार बंद होत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गरजेप्रमाणे वाजवी सोय मिळण्याचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा आहे, तो ४० टक्क्यांवाल्यांपुरता नाही. तो खटला हाताला गोळे येऊन लिहिता न येणाऱ्या एका उमेदवाराचा होता. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने आणखी एक निर्णय दिला. बोलण्यात अडचण असलेल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएसचा प्रवेश नाकारला होता. केवळ टक्केवारीचा आकडा पाहून कोणाला शिक्षणातून बाद करता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे पाहावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले.

कॉलेजात काय मागावे?

आम्हाला अनेक पालक विचारतात, 'साहेबांना सांगायचे तरी काय?' तर मागणी साधी आणि लेखी असावी. ती प्रवेश झाल्याबरोबर करावी, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही.

पहिली गोष्ट हजेरीची. बऱ्याच विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट असते. दवाखान्यात भरती असलेल्या प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि त्याची झेरॉक्स तेव्हाच कॉलेजात देऊन पोच घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम गठ्ठा नेला की कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट परीक्षेची. पाण्याची बाटली जवळ ठेवणे, शौचालयाला जाऊ देणे, तळमजल्यावर बैठक, थंडीत स्वेटर घालू देणे, या सोयींना एक पैसा लागत नाही. लेखनिक आणि जादा वेळही मागता येतो. २०१८ साली केंद्राने काढलेल्या सूचनांत लेखनिक घेणाऱ्यास तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. प्रॅक्टिकलच्या दिवशीच झटका आला तर पुन्हा तारीख मिळावी, असाही अर्ज करून ठेवावा.

तिसरी गोष्ट होस्टेलची. खालच्या मजल्यावरची खोली, गरम पाणी आणि रात्री दवाखान्यात न्यायची व्यवस्था. श्रमदानाच्या शिबिरात आणि मैदानावरच्या कवायतीत जबरदस्ती नको.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी सुगम्यतेच्या सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. रॅम्प आणि लिफ्ट हव्यातच, पण सोय तेवढ्यावर संपत नाही. ज्या मुलीला तिसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते, तिचा वर्ग खाली आणणे हीसुद्धा सोयच आहे.

नोकरीतल्या माणसांचे काय?

विद्यापीठात शिकणारेच नसतात, राबणारेही असतात. शिपाई, माळी, सफाई कामगार, प्रयोगशाळेतले परिचर आपल्याच घरांतले आहेत. येथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी नोकरीतले ४ टक्के दिव्यांग आरक्षण कलम ३४ मध्ये आहे, पण त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. मात्र सिकलसेलमुळे खुब्याच्या हाडाचा गोळा खराब होऊन चालणे अवघड होते. तसे झाले असेल तर अस्थिव्यंगाची वेगळी तपासणी करून घ्यावी, कारण अस्थिव्यंग त्या यादीत आहे.

नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. तो माणूस त्या कामाला योग्य राहिला नाही तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते, असे कलम २० सांगते. कर्मचाऱ्याने भीतीपोटी राजीनाम्यावर सही करू नये. ठेकेदाराकडच्या कामगाराला हे संरक्षण मिळवणे फार कठीण जाते, आणि आज झाडूकाम बहुतेक ठेक्यावरच आहे. युनियनने हा प्रश्न हाती घेतला पाहिजे.

'पण लग्नाचे काय?'

या सगळ्यावर आपल्या घरात एकच उत्तर येते. मुलीचा दाखला काढला तर स्थळ कोण आणील? ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हिशेब करून पाहा. आजार लपवला म्हणून तो जात नाही. लपवण्यात मुलीचे वर्ष बुडते, वर्षाची फी बुडते, आणि शिक्षण सुटले की ती दुसऱ्याच्या दारात हात पसरायला मोकळी. शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगी आपला आजार आपल्या तोंडाने सांगू शकते. दाखला कॉलेजच्या फायलीत राहतो, तो गावभर वाटायचा नसतो.

आणि लग्नाच्या आधी पत्रिका जुळवण्यापेक्षा दोन्हीकडची रक्ततपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक असते. शरमायचेच असेल तर तपासणी टाळण्याची शरम वाटावी.

आता कामाचे बोलू. दाखल्यासाठी अर्ज ऑनलाईन करावा लागतो. वस्तीत शिकलेली मुले आहेत, त्यांनी संध्याकाळी बुद्धविहारात बसून चार घरांचे अर्ज भरून द्यावेत. सोबत आधार, फोटो आणि रक्ताचा रिपोर्ट लागेल. टक्केवारी कमी दिली असे वाटले तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. कॉलेज ऐकत नसेल तर आधी प्राचार्यांना लेखी द्या, मग विद्यापीठाच्या कुलसचिवांना, आणि तरीही नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. प्रत्येक कागदाची पोच घ्या.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये आजारपणात आणि अपंगत्वात शिक्षणाचा, कामाचा आणि साहाय्याचा विचार बाबासाहेबांच्या काळातच नोंदवला गेला आहे. त्यामुळे कॉलेजच्या खिडकीशी उभे राहताना आईबापांनी मान खाली घालू नये. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याआधी अर्ज टाका.