टिळकांच्या घरचा खान्देशी पोरगा

भुसावळहून जळगावकडे येताना भादली नावाचं छोटं स्टेशन लागतं. आम्हा खान्देशकरांना भादली ठाऊक असते ती भरताच्या वांग्यांमुळे. मराठी कवितेला मात्र तिथली एकच तारीख आठवते, ५ मे १९१८. त्या दिवशी तिथे गाडीखाली सापडून त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, गेले. वय २७. ख्रिस्ताच्या नम्रतेबद्दल लिहायचं ठरवलं, तेव्हा चर्चच्या आधी मला हे स्टेशनच आठवलं.

त्याआधी अकरा वर्षं, १९०७ साली, जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनी तिथे कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव मिळवलं. त्याच जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी संसार करत होत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव त्याच वर्षी जन्मला. बहिणाबाईंना मांडवात कोणी बोलावलं नाही. त्यांची गाणी पुस्तकरूपाने यायला १९५२ साल उजाडलं. दाद देणाऱ्यांची नजर कुठवर पोचते, याचाही हा हिशेब मांडून ठेवावा.

संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. पंचेचाळिशीचे, नावाजलेले कवी. आपल्यापुढे जाईल असा पोरगा समोर दिसला की ज्येष्ठांच्या पोटात काय होतं, हे संमेलनं पाहिलेल्यांना सांगायला नको. टिळकांनी मात्र पुढे ठोमऱ्यांना नगरच्या आपल्या घरी ठेवून घेतलं. घर ख्रिस्ती, पोरगा हिंदू. तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला आणि घरचाही राहिला.

घरचा राहिला, याचं श्रेय माझ्या मते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना जास्त. बोट धरून घरात आणणं सोपं. त्याचं खाणंपिणं, रुसवेफुगवे रोज काढायचे कोणी? लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ठोमरे येतात ते असे, घरातल्या थोरल्या मुलासारखे. महाकवी म्हणून पाटावर बसवलेले नाहीत.

लक्ष्मीबाईंना मनाचा हा मोठेपणा जन्माने मिळाला नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या सोवळ्याओवळ्यात पक्क्या होत्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये. त्याआधीच त्यांनी मनातून जातिभेद काढून टाकला होता, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी कुणाच्याही हातचं खायचं ठरलं, धर्म नंतर बदलला. स्वतःच्या जुन्या सोवळ्यावर त्या ज्या मिस्किलपणे लिहितात, ती नम्रता प्रवचनात सापडत नाही. स्वतःला हसता येणं हे गुडघे टेकण्याहून कठीण.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या, न झालेल्या दोघांनाही जागा ठेवली. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने मोठेपण उतरवून ठेवून दासाचं रूप घेतलं, असं आहे. टिळकांनी ते घरखर्चाच्या वहीपर्यंत आणलं. (वही सांभाळणाऱ्या बाईंचं काय झालं असेल, हेही मनात येतंच.)

धुळ्याकडची नम्रतेची गोष्ट वेगळी. पश्चिम खान्देशात भिल्ल, मावची वस्त्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. तिथे कवी नव्हते. ताप होता, साप होते, पुढे कळलेला सिकलसेल होता. नवापूर तालुक्यात चिंचपाडा इथलं ख्रिस्ती रुग्णालय त्याच कामातून उभं राहिलं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर ते धुळे जिल्ह्यातच होतं. आता ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन चालवते. परदेशी मिशनच्या दवाखान्यांना भारतीय हातांत आणण्यासाठी ही संस्था १९७० मध्ये निघाली. परदेशी डॉक्टरने आपली खुर्ची इथल्या माणसाला देऊन निघून जायचं, हे मला पाय धुण्याच्या विधीइतकंच ख्रिस्ती वाटतं. पाय धुण्याचा विधी वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी होतो. जखम रोज धुवावी लागते.

आज धर्मांतर हा शब्द उच्चारला की दोन्हीकडच्यांचे आवाज चढतात. अशा वेळी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाकडे नगरच्या त्या घराइतका चांगला दाखला दुसरा नाही, आणि ऐकणाऱ्या हिंदू माणसाकडेही नाही. पण तो दोघांनीही वापरलेला फारसा दिसत नाही.

ठोमरे गेल्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळक गेले. लक्ष्मीबाई १९३६ पर्यंत होत्या. 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर या खेपेला पहिल्या पानापासून सुरू करू नका. ठोमरे घरात येतात तिथून उघडा.