पिक्चर संपला, मग रिंकू सिंगचं काय झालं?

आधीच सांगतो, शेवटच्या पाच बॉलवर पाच सिक्स मारणारा रिंकू सिंग तो वेगळा. आजचा आपला रिंकूही उत्तर प्रदेशचाच, पण भदोहीचा, आणि मुळात भालाफेकपटू.

२००८ साली भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाचा रिअॅलिटी शो झाला. ३७ हजारांहून जास्त पोरांनी त्यात बॉल फेकून बघितला. रिंकू जिंकला. तो आणि दिनेश पटेल अमेरिकेला गेले आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. २०१४ साली डिस्नेने यावर पिक्चर काढला. तो साधारण इथेच संपतो. बघताना मीही म्हटलं, चला, पोरं सेट झाली!

पण खरी गोष्ट इथून सुरू होते. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली छोट्या टीमची एक शिडी असते. तळाला रूकी लीग, मग सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए. त्याच्यावर मेजर लीग. करार झाला म्हणजे काय, तर शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पाय ठेवायला मिळाला. बस.

आणि तिथला पगार? २०२३ मध्ये या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा रूकी पातळीवरचा वर्षाचा किमान पगार ४,८०० डॉलरवरून १९,८०० झाला. म्हणजे आधी काय हाल असतील बघा!

रिंकूने २००९ मध्ये रूकी लीगपासून सुरुवात केली. त्याच जुलैमध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर ठरला. दिनेशला २०१० मध्ये क्लबने सोडलं, तो भारतात परतला. रिंकू टिकला. २०१२ मध्ये सिंगल ए पातळीवरच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून तो ३९ मॅच खेळला. त्याची सरासरी होती ३.००, म्हणजे दर नऊ इनिंगमागे तीन रन. चार वर्षांपूर्वी बेसबॉल काय असतं हेही माहीत नसलेल्या पोराचे हे आकडे आहेत!

मग कोपर गेलं. क्रिकेटच्या बॉलरला कोपर १५ अंशांपर्यंतच सरळ करायची मुभा असते. पिचरला अशी अट नाही. तो हात वाकवून पूर्ण ताकदीने झटका देतो आणि मोठा ताण कोपराच्या आतल्या लिगामेंटवर येतो. ते तुटलं की शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये ज्या पिचरवर हे ऑपरेशन पहिल्यांदा झालं, त्याच्याच नावाने त्याला ‘टॉमी जॉन सर्जरी’ म्हणतात. परत मैदानात यायला वर्षभर किंवा जास्तच लागतं. रिंकूची ही सर्जरी २०१३ मध्ये झाली. २०१४ आणि २०१५ हे सीझनही दुखापतीतच गेले.

मेजर लीगमध्ये त्याला एकही बॉल टाकता आला नाही. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. वीर महान म्हणून तुमच्यापैकी अनेकांनी त्याला पाहिलंही असेल.

मग तो फेल झाला का? मला नाही वाटत. करार पिक्चरमध्ये दिसला, पण २०१२ च्या त्या ३९ मॅच कुणी दाखवल्या नाहीत. मला विचाराल तर त्याची खरी कमाई तीच. पुढच्या वेळी कुणाचं ‘सिलेक्शन झालं’ असं ऐकलंत, तर अभिनंदन जरूर करा. आणि चार वर्षांनी आठवणीने फोन करून विचारा, कसं चाललंय?

भेटू पुढच्या भागात!