मॅनेजर गेला, मालक राहिला : शिकागो व्हाइट सॉक्सचे चाहते

मंडळी, क्रिकेटमध्ये 'मॅनेजर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संघाचा प्रवास, हॉटेल, सामान यांची व्यवस्था बघणारा माणूस येतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथला मॅनेजर म्हणजे आपला प्रशिक्षक आणि कर्णधार, दोघांची बरीचशी कामं एकट्याकडे. कोण कितव्या क्रमांकावर खेळणार, पिचर केव्हा बदलायचा, हे तो ठरवतो. खेळाडू आणणं-सोडणं हे जनरल मॅनेजरचं काम. या दोघांच्या वर मालक. हा तीन पायऱ्यांचा जिना लक्षात ठेवू, कारण व्हाइट सॉक्सच्या चाहत्यांचा राग तो एकेक पायरी कसा चढला, तेच आज आपल्याला बघायचं आहे.

पहिली पायरी टोनी ला रुसा. १९८६ साली याच संघानं त्यांना काढलं होतं आणि मालक जेरी राइन्सडॉर्फ यांना त्याची खंत कायम राहिली. २०२०च्या ऑक्टोबरात त्यांनी ला रुसांना परत आणलं, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. २०२१ला संघानं गटविजेतेपद मिळवलं, त्यामुळे कुरकुर दबली. मग जून २०२२मध्ये डॉजर्सविरुद्ध एक प्रसंग घडला. समोरच्या बॅटरवर दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे तो बाद होण्याच्या अगदी जवळ, आणि ला रुसांनी त्याला मुद्दाम पहिल्या बेसवर जाऊ दिलं! पुढच्याच बॅटरनं तीन धावांचा होमरन ठोकला. त्याच महिन्यात स्टेडियममध्ये 'टोनीला काढा'च्या घोषणा घुमू लागल्या. पुढे प्रकृतीच्या कारणानं ला रुसा बाजूला झाले.

दुसरी पायरी फार वेळ टिकली नाही. २२ ऑगस्ट २०२३ला केनी विल्यम्स आणि जनरल मॅनेजर रिक हान या दोघांना एकाच दिवशी नारळ मिळाला. चाहते खूश झाले, पण नऊच दिवस! ३१ ऑगस्टला त्या जागी ख्रिस गेट्झ आले, म्हणजे हान यांच्याच हाताखालचे. आमच्या मते चाहत्यांचा विश्वास उडाला तो इथे. पराभव त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण खुर्ची रिकामी झाल्यावर घराबाहेर नीट शोधही घ्यायचा नाही, म्हणजे माणूस बदलला आणि घडी तीच, हे त्यांना झोंबलं.

२०२४चं तर काय सांगावं! ओळीनं २१ पराभव झाले. २८ विजय आणि ८९ पराभव असा हिशेब असताना मॅनेजर पेद्रो ग्रिफोल गेले. शेवटी ४१ विजय, १२१ पराभव. १९६२च्या मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक काळातला नकोसा विक्रम मोडला. गंमत बघा, सप्टेंबरअखेर घरच्या मैदानावर शेवटचे तीन सामने होते आणि विक्रमाला एकच पराभव हवा होता. संघ तिन्ही जिंकला! जिंकत असतानाही घोषणा एकच, 'संघ विका'.

आता तुम्ही विचाराल, की जिंकताना घोषणा कशाला? तर अमेरिकी बेसबॉलमध्ये युरोपातल्या फुटबॉलसारखी खालच्या श्रेणीत घसरण्याची शिक्षा नाही. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांतला वाटा तळाच्या संघालाही मिळतो. मॅनेजरला मालक काढतो. मालकाला काढायला तिथे कुणी बसलेलं नाही. बरं, हरण्याचा फायदा तरी? नवे खेळाडू निवडताना तळाच्या संघांसाठी पहिल्या सहा जागांची सोडत असते. पण मोठ्या शहरांतल्या श्रीमंत संघांना ती सलग दोन वर्षं लागू होत नाही. व्हाइट सॉक्स २०२४ला सोडतीत होते. त्यामुळे १२१ पराभवांनंतर २०२५ला त्यांची पाळी दहावी!

जून २०२५मध्ये जस्टिन इश्बिया यांच्याशी करार जाहीर झाला. चाहत्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग अटी वाचल्या. २०२९ ते २०३३ या काळात विकायचं की नाही, हे राइन्सडॉर्फ ठरवणार. इश्बियांना स्वतःहून ताबा मागता येईल तो २०३४च्या हंगामानंतर. राइन्सडॉर्फ यांचा जन्म १९३६चा.