टकटक कुठून येते?

प्रश्नपत्रिका टाइप करण्यासाठी आमच्यापैकी एकाने शिक्षकखोलीत यांत्रिक कळांचा की-बोर्ड आणला. बोटांना तो फार सुखाचा, पण प्लायवुडच्या पलीकडे दहावीची मुले वाचत बसतात. दोनच दिवसांत त्यांची तक्रार आली. मग गॅस सिलिंडरच्या तोंडात असते तशा, पण अगदी चिमुकल्या रबरी रिंगा मागवल्या आणि अख्खी दुपार खर्चून १०४ कळांना बसवल्या. आवाज बदलला, टकटक काही गेली नाही.

असे का झाले, हे समजण्यासाठी कळीच्या आत डोकवावे लागेल. साध्या की-बोर्डात कळांखाली रबराचे छोटे घुमट असतात; गादी त्यातच आली. यांत्रिक की-बोर्डात मात्र प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच असतो : प्लॅस्टिकचे कवच, त्यात वरखाली सरकणारा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूच्या दोन पट्ट्या. चेरी या कंपनीच्या प्रसिद्ध एम.एक्स. स्विचमध्ये दांडा एकूण ४ मि.मी. खाली जातो. अक्षर उमटते ते मात्र साधारण २ मि.मी.वरच, कारण तेथे पट्ट्या एकमेकींना टेकतात. पण बोट तेथे थांबत नाही. दांडा पुढे जाऊन तळावर आपटतो.

रिंग आहे ती या आपटण्यासाठी. कळीची टोपी उपटून उलटी केली की आत एक छोटा खांब दिसतो. रिंग त्याच्याभोवती बसते. आता दांडा तळाला पोचण्याआधीच रिंग कवचाच्या माथ्यावर टेकते. थांबवायचा संवेग तेवढाच, पण रबर दबत असल्यामुळे थांबायला वेळ अधिक लागतो, म्हणून बल कमी पडते. चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, तेच येथे घडते. शिवाय आघात जितका क्षणिक, तितकी त्यात उच्च वारंवारतेची कंपने जास्त, आणि आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या आवाजांना सर्वांत तल्लख. रिंगेमुळे हा कर्कश भाग कमी होतो आणि ‘टक्’चा ‘ठप्’ होतो. त्याबदल्यात कळ थोडी कमी खाली जाते. काहींना हा मऊपणा मुळीच रुचत नाही.

पण कळ काही एकदाच वाजत नाही. बोट उचलले की स्प्रिंग दांड्याला वर फेकते आणि त्याचे खांदे कवचाच्या छताला आतून आपटतात. रिंग तेथे काहीच करत नाही. शिवाय निळ्या दांड्याच्या स्विचमध्ये दांड्यावर एक सुटा तुकडा असतो. पट्टीचा उंचवटा ओलांडताच तो झटकन खाली उडी मारतो आणि ‘क्लिक्’ असा आवाज होतो. तो मुद्दामच ठेवलेला असतो. आमचा की-बोर्ड नेमका निळ्या दांड्यांचा! लाल दांड्यांचा असता, तर दुपार इतकी वाया गेली नसती. स्पेसबारसारख्या लांब कळांखाली तोल सांभाळणारी तार असते. तिचा खडखडाट थांबवायला रिंग नव्हे, ग्रीस लागते.

हे आवाज वेगळे करणे मुलांना छान जमते. एकाने कळ अगदी सावकाश दाबावी, तळाला टेकू देऊ नये. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावे. ‘क्लिक्’ ऐकू आला, तर तो आपटण्याचा नव्हे. मग कळ तळाशी धरून ठेवावी आणि बोट एकदम बाजूला घ्यावे. आता जो आवाज येईल तो वरच्या आपटण्याचा. यांत्रिक की-बोर्ड नसला तरी रुपयाचे नाणे वीतभर उंचीवरून आधी बाकावर आणि नंतर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर टाकून पाहावे.

आम्ही शेवटी की-बोर्डाखाली जाड नमद्याचा तुकडा घातला. जुने टंकलेखक यंत्राखाली घालत तसाच. टेबल आवाजाला साथ देत होते, ते बंद झाले. क्लिक् राहिलाच, म्हणून दहावीच्या वाचनाच्या तासाला आम्ही टाइप करत नाही.