भोरड्या आणि गोफण

पाखरे बघायला दूर अभयारण्यातच जायला हवे असे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर गायरान आहे. त्याला लागून ज्वारीची राने, ओढा आणि ओढ्याकाठच्या बाभळी. गेल्या जानेवारीत एक अख्खा दिवस मी तिथे काढला. फजरची नमाज झाली, कानाला मफलर गुंडाळला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि निघालो.

उन्हाबरोबर पहिला उठला तो भोवत्या. हा शिकारी पक्षी रात्री गवतातच, जमिनीवर झोपतो. दिवसा गवतावरून संथ तरंगत नाकतोडे, उंदीर टिपतो. ओढ्यात धोबी शेपटी हलवीत फिरत होता. दोघेही हिवाळी पाहुणे.

मग कलकलाट आला. भोरड्या! पुस्तकात यांना पळसमैना म्हणतात. डोके काळे, अंग गुलाबी. जानेवारीत तो रंग जरा मळकट असतो, वसंतात उजळतो. पूर्व युरोप आणि मध्य आशियातल्या माळांवर, दगडांच्या सांदीत त्यांची वीण होते. टोळ-नाकतोड्यांवर पिले वाढतात. विणीचा हंगाम थोड्या दिवसांचा. तो आटोपला की थंडीची वाट न बघता त्या निघतात. जुलै-ऑगस्टपासून आपल्याकडे येऊ लागतात, एप्रिलपर्यंत राहतात.

लहानपणी या माझ्या शत्रू होत्या. अब्बा वाट्याने ज्वारी करायचे. कणसात दाणा भरला की माझी शाळा बुडे. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे. एकदा दुपारी माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा बांधाकडच्या ओळींत दाणा उरला नव्हता. अब्बा रागावले नाहीत. त्या वर्षी अम्मी पीठ मोजून काढत असे, एवढेच.

म्हणून शेजारच्या रानातल्या शेतकऱ्याने विचारले, "काय चाचा, आमचे चोर मोजताय व्हय?" तेव्हा मी ओशाळलो. म्हटले, "त्या नाकतोडेही खातात." तो म्हणाला, "खात्यात की! पण ज्वारीचा हिशेब कोण देणार?"

दोघांचेही खरे होते. ज्वारी निघाल्यावर याच भोरड्या पळस-पांगाऱ्याच्या फुलांतला रस पितात आणि या झाडाचे पराग त्या झाडाला नेतात. पण त्यांनी खाल्लेला दाणा त्या एकट्या माणसाच्या घरातून जातो, हेही विसरून चालणार नाही.

सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. २०२५ साली तिथेच ते गेले. गायरानाला लोक 'पडीक' म्हणतात. नांगर किंवा प्लॉट यायला तेवढा शब्द पुरतो. भोवत्याला मात्र झोपायला दुसरे अंथरूण नाही.

सांजेला भोरड्यांचा थवा बाभळींवर घिरट्या घालू लागला. शंभर पाखरे नजरेने मापायची, तसे किती तुकडे होतात ते बघायचे, ही मोजायची रीत. तेवढ्यात शिक्रा आला. थवा घट्ट झाला, वळला, पुन्हा पसरला. अशा गर्दीत शिकाऱ्याला एक पाखरू हेरता येत नाही.

मी दुर्बीण त्या शेतकऱ्याकडे दिली. बराच वेळ तो बघत राहिला. म्हणाला, "अंग गुलाबी हाय की! इतकी वर्षं हाणतोय, नीट बघितलंच नव्हतं."

दुसऱ्या सकाळी त्याची गोफण पुन्हा फिरली. ती फिरणारच. मी वहीत तारीख घातली आणि खाली लिहिले : भोरड्या, अंदाजे दोन हजार.